आधी सेवा, मग धडा: औषध दुकानांसाठीच्या निरंतर शिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम पक्कं झालं. औषध दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्या फार्मसिस्टांसाठी निरंतर शिक्षणाचा अभ्यासक्रम नव्याने बांधायचा, आणि त्याच्या जोडीला दुकानात एक-दोन सेवा सुरू करून बघायच्या. गटात दोन फार्मसिस्ट, एक फिजिशियन, औषधशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आणि नोंदी ठेवायला मी.

आधीच्या अभ्यासक्रमाची यादी टेबलावर होती. मधुमेहाची नवी औषधं, प्रतिजैविकांचा नेमका वापर, दुष्परिणामांची नोंद, त्वचेचे विकार. प्रत्येकी तासभर व्याख्यान, शेवटी पर्यायांवर खुणा, की प्रमाणपत्र हातात. एकही विषय टाकाऊ नाही. पण हा तास ऐकून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी शटर वर केल्यावर कोणती गोष्ट वेगळी करणार, याचं उत्तर यादीत कुठेच सापडत नाही. आमच्यातले वयाने मोठे फार्मसिस्ट म्हणाले, "मागच्या वेळी इनहेलरवर दोन तास बोलले. इनहेलर मात्र कुणाच्या हातात दिला नाही."

तेव्हा उलट्या टोकाने सुरुवात करायची असं ठरलं. आधी सेवा निवडायची. ती नीट देता यावी म्हणून जेवढं लागतं, तेवढंच शिकवायचं.

१४ जानेवारी

वाचनात दिवस गेला. आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी घेतल्या जाणाऱ्या शैक्षणिक सभांचा प्रत्यक्ष कामावर काय परिणाम होतो, यावर कॉक्रेनचा, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, आढावा आहे. २०२१ मध्ये तो अद्ययावत झाला. निष्कर्ष नम्र करणारा आहे. सभेनंतर अपेक्षित पद्धतीने काम होण्याचं प्रमाण साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढतं. शून्य नव्हे, पण सभागृह, वक्ते आणि बंद ठेवलेली दुकानं यांचा हिशोब केला तर फार नव्हे.

दुसरा कागद २००६ सालचा, 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातला. डॉक्टर स्वतःच्या कौशल्याचा अंदाज स्वतः कितपत बरोबर बांधतात, याचा तो आढावा. काही अभ्यासांत सगळ्यात कच्च्या आणि सगळ्यात आत्मविश्वास असलेल्या डॉक्टरांचा अंदाजच सर्वाधिक चुकलेला आढळला. फार्मसिस्ट याला अपवाद असतील असं मानायला काही आधार नाही. म्हणजे "तुम्हाला कोणत्या विषयावर प्रशिक्षण हवं?" असा फॉर्म पाठवला, तर लोक आवडीच्या विषयावर खूण करून पाठवणार. गरज कशाची आहे हे कळायला कुणीतरी काम करताना बघावं लागेल.

आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघाने, म्हणजे एफआयपीने, २००२ सालीच आपल्या निवेदनात चक्र मांडलं होतं: स्वतःला तपासा, योजना करा, शिका, नोंद ठेवा, परिणाम बघा. बहुतेक ठिकाणी यातला 'शिका' एवढाच टप्पा उचलला गेला, कारण तास मोजणं सोपं. ग्रेट ब्रिटनमध्ये मात्र बदल झाला. तिथे फार्मसिस्टला वर्षाला किमान ९ शैक्षणिक नोंदी द्याव्या लागत. २०१८ पासून नवी पद्धत आली: ४ नोंदी, सहकाऱ्याशी झालेल्या चर्चेची १ नोंद, आणि स्वतःच्या कामाकडे मागे वळून बघणारं १ टिपण. संख्या कमी झाली आणि त्यात दुसरा माणूस आला. माझ्या मते यातली खरी सुधारणा ती दुसऱ्या माणसाची.

२७ जानेवारी

कोणत्या सेवा घ्यायच्या यावर बैठक. लांबली.

जगात औषध दुकानं काय काय करतात याची यादी तरुण फार्मसिस्टने आणली होती. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात २००७ पासून फार्मसिस्टना औषधं लिहून देण्याचे काही अधिकार आहेत. आयर्लंडमध्ये २०११ पासून फ्लूची लस दुकानात टोचली जाते. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ ला 'फार्मसी फर्स्ट' सुरू झालं. सायनसचा दाह, घसादुखी, मुलांचं कान दुखणं, कीटकदंशाचा संसर्ग, इम्पेटिगो (त्वचेचा एक संसर्ग), नागीण आणि स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, अशा ७ तक्रारींवर ठरलेल्या निकषांत बसत असेल तर फार्मसिस्टच उपचार देतो.

यादी वाचून डोळे दिपतात, पण यातलं बरंचसं त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर उभं आहे, आणि अभ्यासक्रम लिहून कायदा बदलत नाही. लस टोचायची तर २ ते ८ अंश सेल्सियस तापमान सांभाळणारा फ्रिज, तीव्र ॲलर्जीची लक्षणं ओळखण्याचा सराव, ॲड्रेनलिन हाताशी, आणि टोचल्यावर माणसाला बसवून ठेवायला जागा, एवढं आधी हवं. लसीकरण पुढे ढकललं.

उरल्या तीन सेवा: रक्तदाब मोजणं, इनहेलरची पद्धत तपासणं, आणि नवीन औषध सुरू झालेल्या माणसाचा पाठपुरावा. तिन्हींना नवा अधिकार लागत नाही. तिन्हींत काम बरोबर झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं.

बाईंनी एक सावधगिरी नोंदवायला सांगितली. इंग्लंडमध्ये २००५ पासून औषध-वापराच्या आढाव्याची सेवा होती. दर आढाव्यामागे पैसे, आणि एका दुकानाला वर्षाला ४०० आढाव्यांची मर्यादा. मर्यादा गाठणं हेच हळूहळू ध्येय बनलं, ज्यांना आढाव्याची खरी गरज ते मागे राहिले अशी टीका होत राहिली, आणि २०२१ मध्ये ती सेवा बंद झाली. आपल्याकडे आकड्याचं लक्ष्य ठेवायचं नाही.

१० फेब्रुवारी

रक्तदाबाचा घटक. सगळ्यांना वाटत होतं की हा सर्वांत सोपा, अर्ध्या दिवसात उरकेल. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ यानेच घेतला.

यंत्र स्वयंचलित असतं, बटण दाबायचं असतं, मग शिकवायचं काय? शिकवायचं ते बटणाच्या आधीचं. मागच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, जिन्याची धावपळ झाली का? लघवीला जाऊन आलात का? पाठ टेकलेली, पावलं जमिनीला सपाट, पायांची घडी नाही. पाच मिनिटं शांत बसणं. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. मोजताना दोघांनीही गप्प बसायचं. एका मिनिटाच्या अंतराने दुसऱ्यांदा मोजायचं.

यातल्या चुका बहुतेक एकाच दिशेने ढकलतात. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा वाढतो. हात खाली लोंबकळत असेल तर वाढतो. बोललं तर वाढतो. काउंटरवर उभ्याउभ्या, गप्पा मारत, शर्टावरून मोजलेला आकडा म्हणजे भलत्याच माणसाला गोळ्या सुरू करून देण्याची सोय. फिजिशियन म्हणाले, "असा आकडा आणण्यापेक्षा मोजलंच नाही तर बरं."

नाडीचा मुद्दा त्यांनीच घातला. आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. ठेका अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्राच्या आकड्यावर विसंबता येत नाही, आणि तो अनियमित ठेकाच डॉक्टरांकडे पाठवायला पुरेसं कारण आहे.

पुढचा भाग, म्हणजे आकड्याचं करायचं काय. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर परत मोजणं, आणि तरीही तसाच असेल तर डॉक्टरांकडे चिठ्ठी. १८०/१२० च्या घरात गेला, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ जड होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं असेल, तर चिठ्ठी लिहीत बसायचं नाही, ताबडतोब रुग्णालय. लक्षणं नसतील तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं. "तुम्हाला बीपी आहे" हे वाक्य फार्मसिस्टने उच्चारायचं नाही. निदान एका दिवसाच्या आकड्यावर होत नाही.

१२ फेब्रुवारी

अख्खी बैठक खुर्चीवर. पाठ असलेली खुर्ची आणि दंडाच्या उंचीचं टेबल दुकानात मावत नसेल, तर त्या दुकानात ही सेवा नाही. मालक मंडळी नाराज होतील. होऊ देत.

३ मार्च

इनहेलर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने ४० वर्षांचे अभ्यास एकत्र केले. इनहेलर अचूक वापरणारे रुग्ण साधारण ३१ टक्के, आणि या ४० वर्षांत त्यात सुधारणा नाही. उपकरणं बदलली, औषधं बदलली, माहितीपत्रकं रंगीत झाली, आकडा तिथेच. याचा अर्थ रुग्ण मंद आहेत असा होत नाही. दाखवणाऱ्यांनी दाखवलं नाही, किंवा दाखवलं आणि परत बघितलं नाही.

आज औषध नसलेले सरावाचे इनहेलर सगळ्यांच्या हातात दिले. एकाने दुसऱ्याला रुग्ण समजून शिकवायचं, तिसऱ्याने यादीवर खुणा करायच्या. तोंडी परीक्षेत जे धडाधड बोलत होते, त्यांचे हात अडखळले. ठरावीक दोन जागा: फवाऱ्याच्या इनहेलरमध्ये हलवायचं राहतं, आणि तोंडाला लावण्याआधी श्वास पूर्ण सोडायचं राहतं. फवाऱ्याच्या इनहेलरला श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, कोरड्या पावडरीच्या इनहेलरला जोरात आणि झटकन. दोन्ही प्रकार एकाच माणसाला दिलेले असले की गोंधळ ठरलेला. अशी चिठ्ठी समोर आली की फार्मसिस्टने थांबायलाच हवं. नंतर श्वास सुमारे १० सेकंद रोखणं. स्टिरॉइड असेल तर चूळ भरून टाकणं, नाहीतर तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो. डबी पाण्यात तरंगते का यावरून औषध किती उरलंय ते ओळखायची जुनी युक्ती अजून काही जण सांगतात. ती कायमची काढून टाकायची. आकडा दाखवणारं चक्र असेल तर ते बघायचं, नसेल तर पफ मोजून तारीख लिहायची.

शिकवायची पद्धत एकच ठेवली: "कसं घेता ते मला दाखवा." समजलं का, असं विचारलं की हो म्हणून मान हलते. हातात उपकरण दिलं की खरं काय ते दिसतं. आणि शिकलेली पद्धत काही आठवड्यांत पुसट होते, म्हणून पुढचा इनहेलर घ्यायला आल्यावर परत दाखवायला लावायचं.

१९ मार्च

सरावाच्या इनहेलरचे तोंडाकडचे भाग प्रत्येकाला वेगळे हवेत. मागणी नोंदवली.

८ एप्रिल

नव्या औषधाचा पाठपुरावा. तिन्हींमध्ये मला ही सेवा सर्वांत मोलाची वाटते, आणि हिच्यासाठी टेलिफोनपलीकडे काहीच लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात विकसित देशांचा आकडा आहे: दीर्घकालीन आजारांत औषध सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी ५० टक्के. औषध सुटतं ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि गाजावाजा न होता सुटतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने घोट्याला सूज आली, रामिप्रिलने कोरडा खोकला लागला, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पोट बिघडलं. माणूस डॉक्टरांना सांगत नाही, गोळी बंद करतो, आणि पुढच्या तपासणीत आकडे वाढलेले दिसले की डोस वाढतो.

इंग्लंडने २०११ मध्ये यावर सेवा उभी केली. औषध देताना बोलणं, एक-दोन आठवड्यांनी परत बोलणं, आणखी दोन-तीन आठवड्यांनी तिसऱ्यांदा. यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोण कोणत्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेल्या चाचणीत, १० आठवड्यांनंतर औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त निघालं. फोनवरच्या दोन संभाषणांनी एवढं होत असेल, तर दिवसभराच्या परिषदेपेक्षा ती संभाषणं शिकवणं जास्त किफायतशीर.

संभाषण शिकवायला जुने तीन प्रश्न घेतले: हे औषध कशासाठी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणून सांगितलं? फार्मसिस्टने आधी ऐकायचं, मग फक्त गाळलेलं भरायचं. लोकांना हे जड जातं. आपल्याला माहीत असलेलं सगळं सांगून मोकळं व्हायची सवय असते.

सरावातलं एक संभाषण नोंदवून ठेवतो. रुग्ण झालेल्या बाई म्हणाल्या, "गोळी? अहो, गेल्या आठवड्यात मोजलं, नॉर्मल आलं. मग थांबवली." तरुण फार्मसिस्ट लगेच समजवायला निघाला. मोठ्या फार्मसिस्टांनी त्याला थांबवलं आणि स्वतः विचारलं, "नॉर्मल कशामुळे आलं असेल असं वाटतं तुम्हाला?" बाई क्षणभर थांबल्या. "गोळीमुळेच की काय?" पुढचं सगळं सोपं झालं.

मेथोट्रेक्सेटला वेगळं पान दिलं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी घटतात आणि जीव जातो. असं घडलेलं आहे, अनेक देशांत. पाकिटावर वाराचं नाव लिहायचं, आणि रुग्णाकडून तो वार वदवून घ्यायचा.

२५ एप्रिल

वेळ कुठून आणायचा? दुकानदारांच्या प्रतिनिधींनी हाच प्रश्न धरला, आणि तो रास्त आहे. संध्याकाळी काउंटरवर गर्दी असताना कुणी पाच मिनिटं शांत बसवणार नाही. तोडगा असा: मंद वेळेतल्या ठरलेल्या तासांत सेवा, आणि तेवढा वेळ सहायकाने साठा, बिलं, फोन सांभाळायचे. म्हणजे सहायकालाही शिकवावं लागणार: कोणता प्रश्न फार्मसिस्टकडे न्यायचाच, एवढंच, पण नक्की. त्यांच्यासाठी वेगळं छोटं सत्र जोडलं. मूळ आराखड्यात ते नव्हतं, कुठल्याच अभ्यासक्रमात सहसा नसतं.

६ मे

डॉक्टरांच्या गटाशी बैठक. सुरुवातीला वातावरण गार. एकाने स्पष्टच सांगितलं, की दुकानात कुणी काही आकडा सांगतं आणि माणूस घाबरून दवाखान्यात येतो. आमचा चिठ्ठीचा नमुना पुढे केला: किती वाजता, कोणत्या हातावर, बसून, दोन्ही आकडे, नाडी, सध्याची सगळी औषधं, आणि विशेष म्हणजे चिठ्ठीविना घेतलेली. शेवटच्या ओळीवर ते थांबले. लोसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही रक्तदाबाची औषधं चालू असलेला माणूस गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेत असेल, तर रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि मूत्रपिंडालाही धोका. डॉक्टरांना ते आयबुप्रोफेन कळतच नाही, कारण ते लिहिलेलं कुठेच नसतं. दुकानात मात्र ते कळतं. बैठकीचा सूर इथे बदलला.

लॉस एंजेलिसच्या न्हाव्यांच्या दुकानांतल्या चाचणीची आठवण आमच्या फिजिशियननी करून दिली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. ५२ दुकानं, उच्च रक्तदाब असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. एका गटाला फार्मसिस्ट केस कापायच्या दुकानातच भेटले, डॉक्टरांशी आधीच झालेल्या करारानुसार औषधं सुरू केली, बदलली. ६ महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ ने उतरला. ज्यांना न्हाव्याने फक्त सल्ला दिला आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं, त्यांचा ९ च्या आसपास. लोक या चाचणीची गोष्ट न्हाव्यासाठी सांगतात. मला त्यातला करार जास्त महत्त्वाचा वाटतो.

२१ मे

नकली ग्राहक पाठवले. दुकानांची आधी लेखी संमती घेतलेली, दिवस मात्र सांगितलेला नाही. भूमिका अशी: "ॲसिडिटीच्या गोळ्या द्या, नेहमीच्या." विचारलं तरच सांगायचं की त्रास दोन महिन्यांपासून आहे, रोज वेदनाशामक चालू आहे, आणि शौचाला काळं होतं. काळं शौच म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो. गोळ्या देऊन परत पाठवायचा हा ग्राहक नव्हे.

बहुतेक ठिकाणी गोळ्या मिळाल्या, सल्लाही मिळाला. तिखट टाळा, वेळेवर जेवा. प्रश्न थोड्यांनीच विचारले. ज्यांनी "किती दिवस झाले?" एवढं विचारलं, त्यांना पुढचं आपोआप सापडत गेलं. ग्राहकाने तिथल्या तिथे ओळख सांगून, बाजूला बसून, काय सुटलं ते फार्मसिस्टला सांगितलं. दोघे-तिघे चिडले. एकाने दुसऱ्या दिवशी फोन करून परत ग्राहक पाठवा म्हणून सांगितलं.

हा भाग मूळ योजनेत मूल्यमापन म्हणून होता. तो आता शिकवणुकीतच हलवला.

९ जून

प्रमाणपत्र कशावर द्यायचं, यावरून वाद. नोंदणी टिकवायला बऱ्याच ठिकाणी तासच लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दोन वर्षांत ३० तास. तासांना फाटा देता येणार नाही. मग मधला मार्ग: तास मिळतील, पण नोंद जमा झाल्यावर. नोंदीत चार रकाने. काउंटरवर काय घडलं. मला काय माहीत नव्हतं. कुठे शोधलं किंवा कुणाला विचारलं. पुढच्या वेळी काय वेगळं केलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर नोंद परत. आणि प्रत्येक नोंद एका सहकाऱ्याने वाचून सही करायची.

बाईंना भीती की लोक बनावट नोंदी लिहितील. लिहितील काही. पण व्याख्यानाला सही करून मागच्या दाराने जाणं याहून सोपं आहे, आणि बनावट नोंद लिहायलाही थोडा अभ्यास लागतो.

२७ जून

पैशांचा प्रश्न अजून उघडा. दुकानदार विचारतात, गोळी विकली तर नफा, न विकता बोललो तर काय? नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहराने १९९६ पासून आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी फार्मसिस्टना भेटींचे पैसे दिले. औषधांवरचा खर्च वाढला, रुग्णालयं आणि डॉक्टरांवरचा त्याहून जास्त घटला, रक्तशर्करा सुधारली. पण तिथे बचत ज्याची, तोच पैसे देणारा होता. आपल्या दुकानांच्या बाबतीत बचत एकाची आणि वेळ दुसऱ्याचा. नोकरी देणाऱ्या मोठ्या संस्थांशी बोलायचं ठरलं. टिपणाचं काम माझ्याकडे.

लसीकरणाची मागणी आता दुकानांकडूनच येते आहे. पुढच्या महिन्यात त्यावर बैठक. तोवर प्रत्येक इच्छुक दुकानाने फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं. वही आली तरच नाव यादीत.

दंडाच्या घेराप्रमाणे पट्टा निवडायचा तक्ता मोठ्या अक्षरांत परत छापायला दिला.